बाई सरपंच झाली, पण आमच्या मुलीला काय मिळालं?

(रेडिओवर झालेलं भाषण. बचत गटांच्या बैठकीत मोठ्याने वाचता यावं म्हणून बोललं तसंच छापत आहोत.)



मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि गप्पा पंचायतीकडे वळल्या. त्या गावात सरपंचपद महिलांसाठी राखीव होतं. आता मुदत संपत आली होती आणि पुढच्या खेपेला पद खुलं होणार अशी चर्चा होती. एक वयस्कर मावशी म्हणाल्या, "पाच वर्षं बाई खुर्चीवर बसली. बरं झालं. पण माझ्या नातीला त्याचं काय मिळालं? ती सकाळी भांडी घासूनच शाळेत जाते की!"

सगळ्या हसल्या. मला मात्र तो प्रश्न घरी येईपर्यंत सुटला नाही. मावशी काही चुकीचं विचारत नव्हत्या. रस्ता झाला, नळ आला, तर तो डोळ्यांना दिसतो. पण बाई खुर्चीवर बसल्याने घरातल्या मुलीचं नशीब बदलतं का, हे कसं मोजायचं?

हा प्रश्न काही अभ्यासकांनी खरोखरच मोजून पाहिला आहे, आणि तोही आपल्याच देशात, पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे.

आधी थोडी मागची हकीकत. राज्यघटनेत ७३ वी दुरुस्ती झाली आणि ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. त्यामुळे देशभर पंचायतीतल्या किमान एक तृतीयांश जागा महिलांना राखून ठेवणं आलं, आणि प्रमुखाच्या पदांपैकीही एक तृतीयांश. आपल्या महाराष्ट्रात १९९० पासूनच ३० टक्के जागा राखीव होत्या, पुढे २०११ मध्ये त्या ५० टक्के झाल्या. बंगालमध्ये सरपंचाला 'प्रधान' म्हणतात. तिथे १९९८ च्या निवडणुकीपासून प्रधानाचं पदही महिलांना राखीव होऊ लागलं.

कोणत्या गावात राखीव आणि कोणत्या गावात खुलं, हे कोणाच्या मर्जीवर नव्हतं. पंचायतींची अनुक्रमांकाने यादी असे आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे त्यातल्या काही राखीव होत. पुढच्या खेपेला दुसऱ्या. आपल्याकडे सोडत निघते, तसाच हा प्रकार. गाव पुढारलेलं आहे की मागासलेलं, हे बघून कोणी ठरवत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, यात एवढं विशेष काय? आपल्या शेतातलंच उदाहरण घ्या. नवीन बियाणं चांगलं आहे का, हे बघायचं आहे. ते तुम्ही विहिरीजवळच्या काळ्या रानात पेरलं आणि जुनं बियाणं माळावर टाकलं. पीक नव्याचं चांगलं आलं. पण मग गुण बियाण्याचा की रानाचा? सांगता येणार नाही. तसंच, एखाद्या गावाने आपणहून बाईला निवडून दिलं आणि त्या गावच्या मुली शिकलेल्या दिसल्या, तर कोणीही म्हणेल, गावच मुळात चांगलं होतं. पण राखीव पद यादीच्या क्रमाने आलं, म्हणजे काळं रान आणि माळ दोन्हीकडे दोन्ही बियाणं पडलं. आता जो फरक दिसेल तो बाईच्या नेतृत्वाचाच म्हणता येतो. म्हणून अभ्यासकांना ही गावं मोलाची वाटली.

पहिला अभ्यास राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांचा. डुफ्लोबाईंना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी बंगालमधलं बीरभूम आणि राजस्थानमधलं उदयपूर, अशा दोन जिल्ह्यांतल्या मिळून २६५ पंचायती पाहिल्या. बायकांनी पंचायतीकडे कोणत्या तक्रारी नेल्या, पुरुषांनी कोणत्या नेल्या, आणि पैसा कशावर खर्च झाला, हे त्यांनी लिहून काढलं. दोन्हीकडे बायकांची मोठी तक्रार पिण्याच्या पाण्याची होती. आणि जिथे प्रधान बाई होती, तिथे पाण्यावर जास्त काम झालेलं होतं. बंगालमध्ये बायका रस्तेही मागत होत्या, तर तिथल्या बाई प्रधानांनी रस्त्यांवरही जास्त काम केलं. राजस्थानात रस्ते ही जास्त करून पुरुषांची मागणी होती, तिथे बाईच्या पंचायतीत रस्त्यांवर कमी काम झालं. म्हणजे हंडा जिच्या डोक्यावर, तिचं दुखणं खुर्चीपर्यंत पोहोचलं.

इथे कोणी म्हणेल, "अहो, बाई नावाला. कारभार नवराच बघतो." हे आपल्याकडेही ऐकतो आणि ते अनेक ठिकाणी खरंही असतं. त्या गावांतल्याही पुष्कळ जणी पहिल्यांदाच पदावर आलेल्या, कमी शिकलेल्या, नवऱ्याची मदत घेणाऱ्या होत्या. तरीही खर्चात फरक पडला. नवशिक्या हाताची भाकरीही पोट भरते, असं समजा ना.

पण आता एक कडू गोष्टही ऐका. दुसऱ्या एका पाहणीत असं दिसलं, की बाई प्रधान असलेल्या गावांत सोयी कमी नव्हत्या, उलट बऱ्याच ठिकाणी जास्तच होत्या. लाच द्यावी लागली असं सांगणारेही तिथे कमी होते. तरी गावकरी जास्त नाराज! जी कामं पंचायतीच्या हातातच नव्हती, त्यांचाही ठपका बाईवरच. मैत्रिणींनो, सून नवीन असली की भाजी कितीही चांगली होऊ दे, कोणीतरी मीठ कमी आहे म्हणतंच. तसंच हे.

मग ही नाराजी कायमची असते का? हेही तपासलं. बीरभूममधल्याच गावकऱ्यांना एका प्रधानाचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ऐकवलं. शब्द तेच. फक्त काहींना ते पुरुषाच्या आवाजात ऐकवलं, काहींना बाईच्या आवाजात. आणि विचारलं, हा प्रधान कसा वाटतो? ज्या गावांनी बाई प्रधान कधी पाहिलीच नव्हती, तिथल्या पुरुषांनी तेच शब्द बाईच्या आवाजात ऐकले तेव्हा कमी गुण दिले. जिथे बाईने कारभार केलेला होता, तिथे हा दुजाभाव उरला नव्हता. पुरुषांना पुढारी म्हणून पुरुषच आवडतो, ही आवड काही बदलली नाही. पण बाईला काम जमतं, हे त्यांनी मान्य केलं. आवड वेगळी आणि पारख वेगळी. पारख बदलली, हे काही थोडं नाही.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ या. नातीला काय मिळालं?

हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. लोरी बीमन, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोव्हा या चौघीजणींनी तो केला. बीरभूममधल्या ४९५ गावांत जाऊन ११ ते १५ वर्षांची मुलंमुली आणि त्यांचे आईवडील यांना प्रश्न विचारले. अशा एकूण ८,४५३ प्रश्नावल्या भरून घेतल्या. प्रश्न साधे होते. मुलीला किती शिकवायचं? मुलाला किती? लग्न कोणत्या वयात? मोठेपणी काय काम करावं? तिने प्रधान व्हावं असं वाटतं का?

जिथे बाई प्रधान कधीच झाली नव्हती, तिथे उत्तरं तुम्हीआम्ही ओळखू शकतो अशीच होती. आईवडिलांची मुलाकडून मोठी अपेक्षा, मुलीकडून कमी. मुलींनाही स्वतःकडून कमीच अपेक्षा. पण जिथे लागोपाठ दोन खेपा पद राखीव होतं, तिथे हा फरक घटला होता. आईवडिलांच्या मनातला फरक २५ टक्क्यांनी आणि मुलामुलींच्या मनातला ३२ टक्क्यांनी. म्हणजे असं समजा, की आधी मुलगा-मुलगी यांच्यातलं अंतर १०० पावलांचं होतं. आईवडिलांच्या मनात ते ७५ पावलांवर आलं, तर मुलामुलींच्या मनात ६८ पावलांवर.

हे झालं मनातलं. प्रत्यक्षात काय झालं? शिक्षणात मुली मुलांच्या मागे होत्या. दोन खेपा बाई प्रधान असलेल्या गावांत हे अंतर पुसलंच गेलं होतं. आणि घरकामात जाणारा मुलींचा वेळही कमी झाला होता. ऐकलंत ना? मावशींची नात घासते त्या भांड्यांपर्यंत ही गोष्ट येऊन पोहोचली!

आता यातली सगळ्यात विचार करण्यासारखी गोष्ट सांगते. त्या गावांत तरुण मुलींसाठी नोकरीधंद्याच्या संधी काही वाढल्या नव्हत्या. अभ्यासकांनी ते मुद्दाम तपासलं, तसा पुरावा सापडला नाही. मग घरातलं वागणं कशामुळे बदललं? त्यांचं म्हणणं असं, की हा मुख्यतः समोर दिसणाऱ्या उदाहरणाचा परिणाम आहे. रोज बाई पंचायतीत जाताना दिसते, सभेत बोलते, कागदावर सही करते, साहेबाला प्रश्न विचारते. ते पाहून बापाला वाटतं, आपलीही पोरगी हे करू शकेल. आणि पोरीला वाटतं, मीही करू शकेन. पोरीला हे वाटणं जास्त मोलाचं.

पण एक लक्षात ठेवा. हा बदल ठळक दिसला तो दोन खेपांनंतर. एका खेपेत गाव फक्त बघत राहतं. बाई आली, बरं, पाच वर्षांनी जाईल, असं म्हणतं. दुसऱ्यांदा बाई आली की मग मनातली चौकट हलायला लागते. म्हणून "पाच वर्षांत काय केलं?" असं विचारून हिशेब बंद करू नका.

मग पद खुलं झालं की सगळं पूर्वीसारखं होतं का? याचं एक उत्तर आपल्याच राज्यात आहे. मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकांचा अभ्यास रिखिल भावनानी यांनी केला. १९९७ मध्ये काही वॉर्ड महिलांसाठी राखीव होते, ते २००२ मध्ये खुले झाले. जे वॉर्ड आधी राखीव होते, तिथे खुल्या निवडणुकीतही बाई निवडून येण्याची शक्यता इतर वॉर्डांपेक्षा सुमारे पाचपट होती. बीरभूममध्येही, दोन खेपा बाई प्रधान असलेल्या पंचायतींत पुढच्या निवडणुकीला जास्त बायका उभ्या राहिल्या आणि जास्त निवडूनही आल्या. म्हणजे राखीव जागेने दार उघडलं आणि काहीजणींनी आत पाय रोवला. पण पाय रोवायला कोणीतरी उभं राहावं लागतं. "आता खुलं झालं, आता पुरुषांचं" असं आपणच म्हणालो, तर उघडलेलं दार आपल्याच हाताने लावून घेतल्यासारखं होईल.

बंगालचं सगळं जसंच्या तसं आपल्याकडे होईल, असं मी म्हणत नाही. तिथली पंचायत वेगळी, भाषा वेगळी, घरं वेगळी. पण यातून आपल्याला करता येण्यासारख्या चार गोष्टी सांगते.

पहिली. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, अशी आपल्या कायद्यात तरतूद आहे. ती कागदावर होऊ देऊ नका. पाणी, शौचालय, दिवाबत्ती, जे काही असेल ते तिथे बोला आणि इतिवृत्तात लिहून घ्या. आपली मागणी लिहिली गेली नाही, तर बाई सरपंचालाही ती पुढे रेटता येत नाही.

दुसरी. सरपंच बाई असेल तर सभेत तिलाच बोलू द्या. तिच्या शेजारून नवरा उत्तर देऊ लागला, तर शांतपणे म्हणा, "भाऊ, आम्हाला ताईंकडून ऐकायचंय." गावच्या मुली ती सभा बघत असतात, म्हणून हे महत्त्वाचं.

तिसरी. तिच्या चुका जरूर दाखवा. पण एकदा स्वतःला विचारा, हेच काम पुरुषाने केलं असतं तर मी एवढीच चिडले असते का?

चौथी गोष्ट घरातली आहे. पुढच्या बैठकीला मुलींनाही बोलवा. त्यांना विचारा, किती शिकायचंय, काय व्हायचंय. मग आयांना वेगळं विचारा, मुलीसाठी काय वाटतं आणि मुलासाठी काय वाटतं. दोन्ही उत्तरं वहीत शेजारी शेजारी लिहा. तुमच्या गावातलं अंतर किती पावलांचं आहे, ते तुम्हालाच दिसेल. आणि सकाळची भांडी एक दिवसाआड मुलगा घासेल का, तेही त्याच बैठकीत ठरवून टाका.

त्या बैठकीतून मी निघाले, तेव्हा मावशींची नात दारात आजीची वाट बघत उभी होती. आठवीत आहे. मी विचारलं, "तुला मोठेपणी काय व्हायचंय गं?" ती लाजली, आजीकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "ग्रामसेवक." मावशी एकदम म्हणाल्या, "हे मला कधी बोलली नव्हतीस!"

मी म्हटलं, "मावशी, तुम्ही कधी विचारलं होतं का?"

मैत्रिणींनो, तुम्हीही आज घरी गेल्यावर विचारा. नमस्कार.