जागतिक सरकार : मत आणि कारस्थान

‘साऱ्या जगाची सूत्रे मूठभर लोकांच्या हाती आहेत आणि ते सर्व देश मोडून एकच सरकार आणणार आहेत.’ असा मजकूर आता नववी-दहावीतले विद्यार्थीही मोबाइलवर वाचतात आणि वर्गात त्याबद्दल विचारतात. ‘काहीतरीच काय, खाली बैस’ असे म्हटल्याने प्रश्न संपत नाही. उलट शिक्षकही काही लपवत आहेत, अशी शंका त्यांच्या मनात येते. तेव्हा हे विधान तपासायचे कसे, ते पाहू.

आधी दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. जगाचे एक सरकार असावे, हे एक राजकीय मत आहे आणि ते उघडपणे मांडले गेले आहे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत संमत झालेल्या ‘छोडो भारत’ ठरावातही स्वतंत्र राष्ट्रांच्या जागतिक संघाचा पुरस्कार केलेला आहे. हिरोशिमानंतर आइनस्टाइन यांनी हाच आग्रह धरला, कारण अण्वस्त्रांचा धोका एकेकट्या राष्ट्राला टाळता येणार नाही असे त्यांना वाटत होते. अशा सरकारवर अंकुश कोण ठेवणार, हा आक्षेपही तितकाच रास्त आहे. या मताच्या दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो. कारस्थानाची उपपत्ती मात्र वेगळेच सांगते. ती म्हणते की हे सरकार गुप्तपणे आधीच काम करू लागले आहे, आणि युद्धे, मंदी, साथी हे सारे त्याचेच डाव आहेत.

उगम कोठे?

१ मे १७७६ रोजी बव्हेरियातील इंगोलश्टाट येथे अ‍ॅडम व्हाइसहाउप्ट या कायद्याच्या प्राध्यापकाने ‘इल्युमिनाटी’ नावाचे गुप्त मंडळ स्थापले. धर्मसत्तेचा पगडा कमी करणे हा त्याचा हेतू होता. १७८४-८५ मध्ये तेथील शासकाने त्यावर बंदी घातली आणि मंडळ मोडले. पण १७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांती झाली. एवढी मोठी उलथापालथ कशी झाली, याचे सोपे उत्तर अनेकांना हवे होते. १७९७ मध्ये फ्रान्सचे पाद्री बारुएल आणि एडिंबरोचे प्राध्यापक जॉन रॉबिसन यांनी स्वतंत्रपणे ग्रंथ लिहून क्रांतीमागे गुप्त मंडळांचा हात असल्याचे सांगितले. रॉबिसन हे भौतिकशास्त्रज्ञ होते. दोन विद्युतभारांमधील बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, हे त्यांनी कूलॉमच्या आधी प्रयोगाने मोजले होते. प्रयोगशाळेत काटेकोर असणारा माणूस इतिहासाच्या बाबतीत तसाच राहील असे नाही, हे येथे लक्षात घ्यावे.

पुढे या कथेत खलनायक बदलत गेले. १९०३ मध्ये रशियात ज्यूंच्या कथित जागतिक कटाचे ‘प्रोटोकॉल्स’ प्रसिद्ध झाले. १९२१ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने ते बनावट असल्याचे दाखवून दिले. त्यातील मोठा भाग मॉरिस जोली यांच्या १८६४ च्या उपहासात्मक पुस्तकातून उचललेला होता. ते पुस्तक तिसऱ्या नेपोलियनवर होते, ज्यूंवर नव्हते. बनावट उघडी पडूनही प्रचार थांबला नाही. नाझींनी तो वापरला, आणि पुढे ज्यूंचा संहार झाला.

११ सप्टेंबर १९९० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी संसदेपुढील भाषणात ‘नवी जागतिक व्यवस्था’ हे शब्द वापरले. सरकारविरोधी गटांनी ते कटाची कबुली म्हणून घेतले. रस्त्यावरील पाट्यांच्या मागे देखभालीसाठी चिकटवलेल्या रंगीत खुणा म्हणजे परकी सैन्यासाठी दिलेले संकेत आहेत, असेही सांगितले जाऊ लागले. १९ एप्रिल १९९५ रोजी ओक्लाहोमा सिटीत एका सरकारी इमारतीबाहेर स्फोट होऊन १६८ माणसे मेली. त्यांत १९ मुले होती. स्फोट घडवणारा तरुण याच सरकारविरोधी वातावरणात वावरलेला होता.

तपासणी कशी करावी?

पहिली कसोटी माहितीची. संयुक्त राष्ट्रसंघ हे जागतिक सरकार आहे का? त्याचे १९३ सभासद आहेत. त्याला कर बसवता येत नाही आणि त्याचे स्वतःचे सैन्य नाही. शांतिसेनेच्या तुकड्या भारतासारखे देश देतात. सुरक्षा समितीत पाच देशांपैकी एकाने नकाराधिकार वापरला की ठराव पडतो. २०२४ चे त्याचे नियमित अंदाजपत्रक सुमारे ३६० कोटी डॉलर होते. एकट्या न्यूयॉर्क शहराचे अंदाजपत्रक १०,००० कोटींहून अधिक असते.

दुसरी कसोटी गणिताची. समजा, एका कटात १,००० माणसे आहेत आणि वर्षभरात प्रत्येकाकडून गुपित फुटण्याची शक्यता हजारात एक आहे. प्रत्येकाचे वागणे स्वतंत्र मानले, तर वर्षभर गुपित टिकण्याची शक्यता ०.९९९ चा १,००० वा घात, म्हणजे सुमारे ३७ टक्के येते. पाच वर्षांसाठी ती एक टक्क्याहूनही कमी होते. मग लाखो माणसांचे गुपित दोनशे वर्षे कसे टिकावे? वॉटरगेटसारखे कट खरोखर झाले, पण ते लहान होते, त्यांचा हेतू मर्यादित होता आणि तरीही ते दोन-तीन वर्षांत उघडकीस आले.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. कोणता पुरावा मिळाला तर हे विधान खोटे ठरेल? पुरावा नसणे हाच ‘लपवल्याचा पुरावा’ मानला जात असेल, तर ते विधान कधीच चूक ठरू शकत नाही. असे विधान विज्ञानाच्या कक्षेत बसत नाही.

विद्यार्थ्याची शंका मात्र हसण्यावारी नेऊ नये. बड्या कंपन्या सरकारांवर दबाव आणतात, बलाढ्य देश लहानांवर आपल्या अटी लादतात, हे खरे आहे आणि त्याचे पुरावेही आहेत. ‘कोणी, केव्हा, कोणत्या कागदाने?’ हे तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत आणि वर्गात आलेला प्रत्येक दावा विद्यार्थ्यांनाच त्यांच्या आधारे तपासू द्यावा. जे दावे टिकतील त्यांवर पुढे चर्चा करता येईल.