पाऊस पाडणारा रेडिओ?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

खालापुरात एका व्याख्यानानंतर डोंगराखालच्या वाडीतल्या तरुणाने मला विचारले, "सर, अलास्कातल्या त्या यंत्राने पाऊस पाडता येतो म्हणे. इर्शाळवाडीवर दरड आली, ती त्यानेच का?" प्रश्न भीतीतून आला होता. त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

कर्जतच्या जुन्या श्रोत्यांना आठवेल, रात्री मीडियम वेव्हवर दूरदूरची केंद्रे लागत. हा आयनांबराचा प्रताप. जमिनीपासून सुमारे ६० किलोमीटरवर सुरू होणारा हा विद्युतभारित कणांचा थर मुख्यतः सूर्यकिरणांमुळे तयार होतो. त्याचा खालचा पदर दिवसा या लहरी गिळतो. रात्री तो विरतो आणि लहरी वरच्या पदरावरून परतून लांब पोचतात.

जोरदार लहरींनी या थरात बदल होतो, हे १९३३ मध्ये ध्यानात आले. हॉलंडमध्ये टेलेगेन हे शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडचे बेरोम्युन्स्टर केंद्र ऐकत होते, तर मागे लक्झेंबर्गचा कार्यक्रम ऐकू येई. लक्झेंबर्गच्या शक्तिशाली लहरींनी वाटेतल्या आयनांबरातले इलेक्ट्रॉन तापवले होते. त्याचा ठसा स्विस लहरींवर उमटत होता.

अलास्कातील 'हार्प' हेच मुद्दाम करते. तेथे १८० अँटेना आणि ३,६०० किलोवॉटची शक्ती आहे. पण वर पोचेपर्यंत ती इतकी पसरते, की उन्हापेक्षा हजारो पटींनी क्षीण ठरते. प्रक्षेपण थांबले की इलेक्ट्रॉन लगेच निवतात. सूर्यावरील वादळे याहून कितीतरी मोठी उलथापालथ करतात. अशा वेळी होणाऱ्या चुंबकीय खळबळीची नोंद आपल्या अलिबागच्या वेधशाळेत १९०४ पासून होत आली आहे.

पावसाचे ढग आयनांबराच्या पुष्कळ खाली असतात. हार्पच्या लहरी त्यांना न तापवता आरपार जातात. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली ती मुसळधार पावसाने डोंगरउतार भिजून सुटल्यामुळे. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच तेव्हा सांगितले.

म्हणून मी त्या तरुणाला म्हटले, "अलास्काकडे बोट दाखवले, की यादीबद्दल कोणी विचारत नाही. तुझी वाडी त्या यादीत आहे का, हे आधी तहसील कचेरीत जाऊन विचार. पावसाळ्यापूर्वी विचार."