आभाळवाटा (भाग ९) : ‘क्लाइंब, क्लाइंब!’

कोल्हापूरच्या कळंबा तलावाच्या बांधावर फिरणाऱ्यांच्या माना उजळाईवाडीच्या विमानतळाकडे निघालेल्या विमानाचा आवाज आला की आपोआप वर जातात. खालून आभाळ मोकळंच दिसतं. मुंबईच्या वर मात्र ते बरंच गजबजलेलं असतं.

७ फेब्रुवारी २०१८ ची रात्र. मुंबईहून भोपाळला निघालेलं एअर इंडियाचं विमान २७,००० फुटांवर होतं. दिल्लीहून पुण्याला येणारं विस्ताराचं विमान खाली उतरत २७,१०० फुटांपर्यंत आलं. दोघांच्या उंचीत फरक उरला शंभर फुटांचा, जेमतेम दहा मजल्यांचा! कॉकपिटमधला इशारा वाजला आणि एअर इंडियाच्या कॅप्टन अनुपमा कोहली यांनी यंत्राने सांगितलं तशी विमानाची उंची तत्काळ बदलली. दोन्ही विमानं सुखरूप उतरली.

या यंत्राचं नाव टीकॅस. मागच्या भागात पाहिलेल्या ट्रान्सपॉण्डरच्या, म्हणजे विचारल्यावर विमानाची उंची कळवणाऱ्या उपकरणाच्या, जोरावर ते आसपासच्या विमानांना दर सेकंदाला त्यांची उंची विचारत राहतं. आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ अशी हाक येते. ती फक्त सावध करण्यासाठी असते. तेवढ्यावर विमान हलवायचं नाही. धोका वाढला तर टक्कर साधारण १५ ते ३५ सेकंदांवर असताना हुकूम येतो : ‘क्लाइंब, क्लाइंब’ किंवा ‘डिसेंड, डिसेंड’. वैमानिकाने पाच सेकंदांत हालचाल सुरू करायची. झटका द्यायचा नाही. चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या तबकडीवरचा काटा लाल पट्ट्यातून हिरव्यात आणायचा आणि तिथेच धरायचा. जमिनीवरच्या कंट्रोलरला ‘टीकॅस आरए’, म्हणजे यंत्राचा हुकूम आला आहे, एवढंच कळवायचं.

आणि त्याच क्षणी कंट्रोलरने उलट सांगितलं तर? तरीही यंत्राचंच ऐकायचं. कारण दोन्ही विमानांतली यंत्रं आपसांत ठरवून एकाला वर आणि दुसऱ्याला खाली पाठवतात. एकाने ते मोडलं की दोघेही एकाच दिशेला जातात.

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत युबरलिंगेनजवळ हेच झालं. ३६,००० फुटांवर बश्किरियन एअरलाइन्सचं तुपोलेव्ह आणि डीएचएलचं मालवाहू बोइंग एकमेकांच्या वाटेत आली. झुरिकच्या केंद्रात एकटाच कंट्रोलर दोन पडदे सांभाळत होता. त्याने तुपोलेव्हला खाली जायला सांगितलं. तुपोलेव्हचं यंत्र मात्र वर जा म्हणत होतं. सहवैमानिकाने ते बोलूनही दाखवलं, पण विमान खालीच गेलं. बोइंगही यंत्राचं ऐकून खाली येत होतं. ७१ जण गेले, त्यांतली बहुतेक शाळकरी मुलं. हे वाचताना आजही गळा दाटून येतो. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियमांत संदिग्धता ठेवली गेली नाही.

भारताने या यंत्राची गरज आधीच, फार मोठी किंमत मोजून ओळखली होती. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानं एकमेकांवर आदळून ३४९ माणसं गेली. मग इथल्या प्रवासी विमानांत हे यंत्र सक्तीचं झालं.

उजळाईवाडीला उतरणारं विमान हजार फुटांच्या खाली आलं की टीकॅस असे हुकूम देणं थांबवतं, कारण पुढे जमीनच असते. तिथून पुढे टॉवरची नजर कशी काम करते, ते पुढच्या आठवड्यात.