पिकअपच्या मागच्या डिफरन्शियलचं तेल: आधी वरचा प्लग, मगच खालचा

 

आपल्या ओळखीत एका तरी घरी जुना पिकअप असतोच. गणपतीच्या मखरासाठी प्लायवूड आणायचं असो, मिरवणुकीचे ढोल न्यायचे असोत, की कुणाचं सामान हलवायचं असो, फोन त्याच घरी जातो. इथे टेक्सासमध्ये आमच्या ओळखीच्या लोकांत ते घर आमचं. गाडी २००१ सालची टोयोटा टॅकोमा. आता ऑगस्टमध्ये आमची मुलगी तीच गाडी घेऊन दोनशे मैलांवरच्या कॉलेजला जाणार आहे. म्हणून गेल्या शनिवारी आम्ही दोघं गाडीखाली शिरलो आणि मागच्या डिफरन्शियलचं तेल बदललं. आज त्याच कामाबद्दल बोलू.

आधी हे डिफरन्शियल म्हणजे काय? गाडीच्या मागे वाकून पाहा. दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा मोठा गोळा दिसेल, तेच ते. खळ्यावरची मळणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्याचं काम पटकन कळेल. तिवड्याभोवती बैलांची पात फिरते तेव्हा आतला बैल थोडंसं चालतो आणि बाहेरच्याला लांबचा फेरा पडतो. गाडी वळताना चाकांचं तसंच होतं. बैलगाडीची दोन्ही चाकं आसावर सुटी फिरतात, त्यामुळे तिथे अडचण नाही. पिकअपमध्ये मात्र इंजिनाला दोन्ही चाकं फिरवायची असतात आणि तरी प्रत्येकाला त्याच्या वेगानं जाऊ द्यायचं असतं. ही वाटणी त्या गोळ्यातले दाते करतात.

शिवाय इंजिनाकडून येणारा लांब दांडा जे फिरणं आणतो ते काटकोनात वळवून चाकांकडे न्यायचं कामही इथेच होतं. आपल्याकडचे मिस्त्री ज्याला ‘क्राऊन-पिनियन’ म्हणतात ती जोडी हीच. तिचे दाते एकमेकांवरून नुसते फिरत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात. इंजिनचं साधं तेल तिथे टिकत नाही, म्हणून गिअर तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. दाते घासून तापले की त्यांच्यावर या संयुगांचा पातळ थर बसतो आणि पोलादाऐवजी तो थर झिजतो. या तेलाला कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो त्या गंधकामुळेच. कपडे जुने घाला!

हे तेल जळत नाही, त्यामुळे त्याची आठवणही कुणाला होत नाही. पण सील झिजलं की ते हळूहळू गळतं. तेल संपलं तर बेअरिंग तापतात, दाते झिजतात, आणि अगदी वाईट वेळ आली तर हायवेवर मागची चाकं जाम होऊ शकतात. त्याआधी गाडी सहसा इशारा देते. ठरावीक वेगाला मागून घूं घूं असा आवाज येतो आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की तो बदलतो.

आता सामान. तेल कोणतं ते गाडीच्या माहितीपुस्तकात पाहा. बहुतेक जुन्या पिकअपना ‘जीएल-५’ दर्जाचं ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० चालतं, काहींना ७५डब्ल्यू-१४० लागतं. एकेक क्वार्टच्या तीन बाटल्या आमच्या गाडीला पुरल्या. तुमच्या गाडीचं डिफरन्शियल ‘लिमिटेड स्लिप’ प्रकारचं असेल तर बाटलीवर तसा उल्लेख पाहा, किंवा त्यासाठीचं वेगळं मिश्रण घ्या. नाहीतर वळताना मागून थरथर येते. याशिवाय बाटलीवर बसणारा छोटा हातपंप, पसरट टब, दोन्ही प्लगांचे नवे वॉशर, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. आमच्या टॅकोमाचे दोन्ही प्लग २४ मिलिमीटरचे आहेत. अनेक अमेरिकन गाड्यांत वरच्या प्लगला चौकोनी खाच असते, तिच्यात ३/८ इंची रॅचेट थेट बसतं. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना खालचा प्लगच नसतो. तिथे मागचं झाकण उघडावं लागतं आणि बसवताना नवं गास्केट किंवा सीलंट लागतं.

दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणा, म्हणजे तेल पातळ होईल. मग ती सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा आणि चाकांना पुढून-मागून अडण लावा. पिकअप उंच असतो, बहुतेक वेळा जॅक लागतच नाही, आणि न लावलेलाच बरा. फक्त मागची बाजू उचलली तर तेलाची पातळी चुकते. उचलायचीच वेळ आली तर चारही बाजूंना जॅक-स्टँड हवेत. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. सायलेन्सरचा पाईप तापलेला असतो, त्यालाही जपा.

आता आजची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आधी वरचा, म्हणजे तेल भरायचा प्लग सैल करा. तो सुटला तरच खालच्याला हात लावा.

हे मी अनुभवानं सांगतोय. काही वर्षांपूर्वी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा मी खालचा प्लग आधी उघडला. सगळं तेल टबात आलं आणि मग लक्षात आलं की वरचा प्लग गंजून घट्ट बसलाय. मी मोठा अॅडजस्टेबल पाना लावून जोर केला, तर प्लगच्या कडाच झिजून गोल झाल्या. शनिवारची संध्याकाळ, डिफरन्शियल कोरडं ठणठणीत, आणि रविवारी सकाळी ढोल पोचवायचे होते! शेवटी ढोल तीन गाड्यांत कोंबून गेले आणि आमचा पिकअप टो ट्रकवर चढला. मिस्त्रीनं प्लग तापवून काढला. त्या पैशांत तीन वेळा तेल बदलून झालं असतं.

म्हणून यंदा आदल्या रात्री वरच्या प्लगवर गंज सोडवणारं तेल फवारून ठेवलं आणि सहा कोनांचं सॉकेट वापरलं. लेकीनं लांब दांडा लावून एक झटका दिला, प्लग सुटला.

तेल बाहेर येतं तेव्हा ते नीट बघा. काळपट असेल तर ते जुनं झालंय, इतकंच. दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय. आमच्या खालच्या प्लगला लोहचुंबक आहे, त्यावर करडा लगदा जमला होता. मुलगी घाबरून म्हणाली, “बाबा, हे बिघडलंय का?” नाही. मऊ, काजळासारखा लगदा ही वर्षानुवर्षांची साधी झीज असते. बोटांना टोचणारे कण किंवा दात्याचा तुकडा मिळाला, तर मात्र गाडी लांब न नेता मिस्त्रीला दाखवा.

चुंबक पुसा, नवा वॉशर घाला आणि खालचा प्लग आवळा. मग पंपानं वरच्या भोकातून तेल भरा. करंगळी वाकवून आत घाला. तेल भोकाच्या खालच्या कडेला किंवा तिच्याखाली पाच मिलिमीटरच्या आत लागलं की पुरे. जास्तीचं बाहेर गळू द्या, मगच वरचा प्लग लावा.

निघण्याआधी दोन गोष्टी पाहा. एक, गोळ्याच्या किंवा आसाच्या वरच्या बाजूला हवेची छोटी नळी असते. ती चिखलानं बुजली की आतली तापलेली हवा सीलमधून तेल बाहेर ढकलते आणि ते ब्रेकवर जातं. दोन, मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ असतील तर सील गेलंय, ते आधी बदलून घ्या. आणि बोट पाण्यात सोडायला मागची चाकं बुडवली असतील, तर मैल न मोजता तेल तपासा. गरम आस एकदम गार पडला की पाणी आत ओढलं जातं.

जुनं तेल गटारात किंवा कचऱ्यात टाकू नका. झाकणाच्या डब्यात भरून सुट्या भागांच्या दुकानात न्या. अमेरिकेत अशी बरीच दुकानं ते फुकट घेतात.

आठवडाभरानं पुन्हा खाली वाकून दोन्ही प्लग कोरडे आहेत ना ते बघा. आमचे कोरडे आहेत. मुलीनं तारीख आणि मैल स्वतःच्या वहीत लिहून ठेवलेत. पुढच्या वेळी तिला हे काम एकटीनं करता येईल, आणि वरचा प्लग आधी उघडायचा, हे तिला सांगावं लागणार नाही.