पोरांनी मोबाईल नुसता बघू नये, त्यावर लिहावे

पोलादपूर तालुक्यातले उमरठ म्हटले की नरवीर तानाजी मालुसरे यांची समाधी आठवते. 4 फेब्रुवारी 1670 रोजी कोंढाणा घेताना ते पडले. माघ वद्य नवमीला आपण समाधीवर माथा टेकायला जातो. आता घरी एक करून पहा. पोराच्या मोबाईलवर तानाजीरावांचे नाव शोधा. 2020 साली आलेल्या सिनेमाची गाणी आणि मारामाऱ्या धडाधड पुढे येतील. उमरठच्या पोराने लिहिलेल्या चार ओळी त्यात कुठे दिसतात का, तेवढे बघा.

दिसत नसतील तर दोष पोराचा नाही. मोबाईल आपणच घेऊन दिला, पण तो कशाला वापरायचा हे कोणी शिकवलेच नाही.

आपल्या डोंगरातल्या वाड्यांचे दुखणे तुम्हाला ठाऊक आहे. माणसे मुंबईला गेली, शाळेचा पट घसरला. 2023 साली तर कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव शासनाने मागवले. जिथे वर्गात चारच पोरं, तिथे चर्चा कोणाशी करायची आणि लिहिलेले वाचणार कोण? गुरुजींनी वही तपासली की विषय संपला. ही उणीव इंटरनेट भरून काढू शकते. शाळा वाचेलच असे नाही, पण आहे त्या शाळेतले पोर एकटे पडणार नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा पहा. रणजितसिंह डिसले गुरुजी तिथे 2009 साली रुजू झाले. शाळेची इमारत पडकी, शेजारी गुरांचा गोठा. त्यांनी पुस्तकातल्या धड्यांना क्यूआर कोड जोडले. पुढे शासनाने ते राज्याच्या पाठ्यपुस्तकांत घेतले. पण त्याहून मोठे काम म्हणजे त्यांनी आपल्या पोरांना परदेशातल्या वर्गांशी पडद्यावर समोरासमोर बोलायला लावले. 2020 साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, 10 लाख डॉलरचा. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे रेंज नाही. खरे आहे. 2020 च्या टाळेबंदीत कोकणातली पोरं रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसली. पण लिहायला रेंज लागत नाही. आठवडाभर वहीत लिहावे, शनिवारी रेंज मिळेल तिथे गुरुजींनी ते शाळेच्या ब्लॉगवर चढवावे. ब्लॉग म्हणजे गावाबाहेरच्यांनाही वाचता येईल असे शाळेचे हस्तलिखित. तो फुकट निघतो, मराठीत लिहिता येतो.

आणि लिहायचे काय? राब कसा भाजतात, तरवा कधी टाकतात, आजी कोणत्या भाताचे बी राखून ठेवते, रोज पाऊस किती पडला. 22 जुलै 2021 ला महाडच्या तळियेत आणि आपल्या तालुक्यातल्या केवनाळे, साखर सुतारवाडीत दरड कोसळली. म्हणून पावसाची रोजची नोंद हा नुसता शाळेचा अभ्यास नव्हे. माढ्याकडच्या पोरांनी आपल्यासारखी भातलावणी कधी पाहिली नसेल, आपल्यांनी ज्वारीचा हुरडा खाल्ला नसेल. दोन शाळांनी एकमेकांना प्रश्न विचारले की भूगोल घोकावा लागत नाही.

दुसरी जागा मराठी विकिपीडिया. 2003 पासून चालू असलेला हा ज्ञानकोश कोणीही वाचावा, कोणीही सुधारावा. तिथे मात्र प्रसिद्ध झालेला आधार द्यावा लागतो. आजीने सांगितलेली गोष्ट ब्लॉगवर चालते, विकिपीडियावर नाही. ‘कशावरून?’ असे विचारायची सवय पोरांना तिथे लागते. आधार शोधायला मराठी विश्वकोश आहे. त्याचे काम आंबेनळी घाटापलीकडे वाईला उभे राहिले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली. आज तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो.

मात्र सावध रहा. 13 वर्षांखालील पोराच्या नावाने खाते काढू नका. खाते शाळेचे, किल्ली गुरुजींकडे. पोराचे पूर्ण नाव, फोटो, मोबाईल नंबर टाकू नये. अनोळखी माणसाचा निरोप आला तर आधी घरी सांगायचे, हे त्याला बजावून ठेवा. पैशाची फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन करा.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एक सांगणे. भारतनेट योजना ग्रामपंचायतीपर्यंत तार आणण्यासाठी आहे. आपल्या कार्यालयात ती आली असेल तर शाळेपर्यंत न्यायचे बघा. आली नसेल तर आठवड्यातून एक तास पोरांना कार्यालयात बसू द्या. ग्रामपंचायत विकास आराखड्यात शिक्षणाचा विषय घेता येतो. येत्या ग्रामसभेत तो मांडा.

आणि बंधूंनो, तुमचे काम सोपे आहे. रात्री जेवण झाल्यावर पोराला म्हणा, आज काय लिहिलेस ते वाचून दाखव. चुकले असेल तर सांगा. भाताचे, गुरांचे, पावसाचे तुमच्याइतके गुरुजींनाही ठाऊक नसते. मुंबईला असलेला चुलता तेच मोबाईलवर वाचेल आणि पोराला फोन करून विचारील, अरे, आपल्या वरच्या शेतात यंदा कोणते भात लावले?