मेणाचं नाक, पडद्यावरची हनुवटी

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेची हकिकत छापली. कावसजी हा इंग्रज फौजेचा गाडीवान. टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीचं नवं नाक त्याला करून दिलं. मला या हकिकतीतलं मेण फार मोलाचं वाटतं. कारागिराने आधी मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक घडवून चेहऱ्यावर बसवलं, मग तेच सपाट करून कपाळावर ठेवलं आणि भोवती रेघ आखली. शस्त्र लावण्याआधी त्याने होणारं नाक पाहून घेतलं होतं!

तीच गरज आज अहिल्यानगर जिल्ह्यातल्या लोणीच्या ग्रामीण दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी भासते. लहानपणी हनुवटीवर पडून जबड्याचा सांधा जखडलेलं, तोंड जेमतेम उघडणारं, खालचा जबडा खुंटलेलं मूल. किंवा दुभंगलेला टाळू शिवल्यावर वरचा जबडा मागेच राहिलेली मुलगी. अशांचं हाड कापून सरकवावं लागतं. खालचा जबडा उभा चिरून सरकवण्याची शल्यविशारद ओब्वेगेझर यांची पद्धत १९५७ पासून जगभर पोहोचली.

पूर्वी डॉक्टर बाजूच्या एक्स-रेवर पारदर्शक कागद ठेवून रेघा काढत, कागदाचे तुकडे कात्रीने कापून सरकवत, दातांचे प्लास्टरचे साचे करवतीने कापून पाहत. आता सीटी स्कॅन आणि दातांचं स्कॅन एकत्र करून संगणकावरच हाड कापता येतं. ठरलेल्या जागी दात बसवणारी स्प्लिंट छापून थेट ऑपरेशन टेबलावर नेतात.

हाड योजनेप्रमाणे बऱ्याच अंशी सरकतं. मांसाचा भरवसा तेवढा नाही. खालचा जबडा पुढे आणला की हनुवटीची कातडी जवळजवळ तेवढीच पुढे येते. वरचा ओठ मात्र वरच्या जबड्याच्या मागोमाग पूर्ण येत नाही, आणि नाकपुड्या रुंदावतात. संगणकाने दाखवलेला चेहरा आणि प्रत्यक्ष चेहरा यांतला दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक सहसा चालण्याजोगा धरतात. पण ओठांवर तो नजरेला लगेच जाणवतो. दुभंग शिवल्याचा जुना व्रण असलेला ओठ ताठ असतो, तो ताणत नाही. शिवाय सूज पूर्ण उतरायला कित्येक महिने जातात. त्याआधी आरशात दिसतो तो चेहरा अंतिम नव्हे.

दुसरी अडचण मापांची. चेहऱ्याची अनेक प्रमाणं युरोपीय वंशाच्या लोकांवरून ठरली. आपल्याकडचे ओठ सहसा अधिक भरीव असतात. त्या मापाने आपल्या मुलीचा चेहरा 'दुरुस्त' करू गेलो, तर तिच्या आईच्या चेहऱ्याशी असलेलं साम्य उगाच पुसलं जाईल.

म्हणून माझी एक आग्रहाची सूचना आहे. पडद्यावर एकच देखणं चित्र दाखवू नये. हनुवटीपाशी अंदाजाची रेघ बारीक असावी, ओठांपाशी ती रुंद आणि पुसट काढावी, आणि ती का पुसट आहे हे आईवडिलांना मराठीतून समजावून सांगावं, ऑपरेशनपूर्वी दातांना तारा लावण्याआधीच.