मासा खातोय, तरी वाळतोय? खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या माशांना जंत कसे होतात आणि औषध कसे द्यायचे

पुरुषोत्तमनगर (ता. शहादा) : चारा खाऊनही शेळी खंगू लागली की पशुपालक आधी तिला जंताचे औषध पाजतो. घरातल्या काचेच्या टाकीत मासा तसाच वाळू लागला, तर मात्र अनेकजण पाणी बदलतात आणि तेवढ्याने भागले नाही की मिळेल ते औषध टाकीत ओततात. समुद्री माशांना हे सोसत नाही. त्यात साखर कारखान्याभोवती वसलेल्या पुरुषोत्तमनगरसारख्या ठिकाणी समुद्राचे पाणी मिळत नाही. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ विरघळवून ते घरीच तयार करावे लागते. मासा मुंबई-सुरतेकडून लांबचा प्रवास करून येतो आणि माशांचा डॉक्टर हाकेच्या अंतरावर नसतो. त्यामुळे निदान बऱ्याचदा मालकालाच करावे लागते.

जंत येतात कुठून?

बहुतेक वेळा माशाबरोबरच. क्लाऊनफिशची हॅचरीत पैदास करण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने (सीएमएफआरआय) विकसित केले आहे, पण बाजारातले बरेच समुद्री शोभिवंत मासे आजही समुद्रातून पकडलेले असतात. सर्जनफिश, बटरफ्लायफिश, एंजलफिश यांच्या पोटात थोडेफार परजीवी असणे नवलाचे नाही. समुद्रात मासा ते सहन करतो. पकडणे, पिशवीतला प्रवास आणि उपासमार यांनी अशक्त झाला की तेच परजीवी बळावतात.

यातले पट्टकृमी आणि काही पर्णकृमी टाकीत सहसा पसरत नाहीत. त्यांच्या वाढीला मधल्या टप्प्यावर गोगलगाय किंवा कोळंबीच्या जातीचा दुसरा जीव लागतो आणि तो टाकीत बहुधा नसतो. सूक्ष्म एकपेशीय परजीवींना असा मधला यजमान लागत नाही. ते विष्ठेतून थेट दुसऱ्या माशाच्या पोटात जातात, म्हणून एका माशाचा आजार सगळ्या टाकीचा होऊ शकतो.

ओळखायचे कसे?

मासा समोरून पाहा. डोक्यामागची पाठ धारदार दिसत असेल, पोट आत गेले असेल आणि तरीही तो खाण्यावर तुटून पडत असेल, तर संशयाला जागा आहे. पांढरी, लांब, दोऱ्यासारखी लोंबणारी विष्ठा ही दुसरी खूण. गुदद्वारातून लालसर धागे डोकावत असतील तर ते गोलकृमी असू शकतात.

नुसत्या पांढऱ्या विष्ठेवर निकाल देऊ नका. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या माशाच्या रिकाम्या आतड्यातूनही पांढरा चिकट स्राव बाहेर पडतो. दांडगा मासा खाऊ देत नसेल, किंवा शेवाळ खाणाऱ्या सर्जनफिशला फक्त कोळंबी मिळत असेल, तरीही मासा वाळतो.

खात्रीचा उपाय म्हणजे सूक्ष्मदर्शक. ताजी विष्ठा काचपट्टीवर टाकीच्याच पाण्याच्या थेंबात ठेवून लगेच पाहिली, तर एकपेशीय परजीवी वळवळताना आणि कृमींची अंडी स्थिर दिसतात. उशीर झाला की परजीवींची हालचाल थांबते आणि ते ओळखू येत नाहीत. महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेतला साधा सूक्ष्मदर्शकही या कामाला चालतो.

औषध कोणते?

इथेच सर्वाधिक गोंधळ होतो, कारण एकच औषध सगळ्या जंतांवर चालत नाही. एकपेशीय परजीवींसाठी मेट्रोनिडाझोल, पट्टकृमी आणि पर्णकृमींसाठी प्राझिक्वांटेल, गोलकृमींसाठी फेनबेंडाझोल किंवा लेव्हामिसोल. समुद्री माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर वापरले जाणारे तांब्याचे औषध पोटातल्या जंतांवर उपयोगी नाही. गोड्या पाण्यात बुडवून काढणे हा उपायही शरीराबाहेरच्या परजीवींसाठीच आहे.

फेनबेंडाझोल आणि लेव्हामिसोल ही जनावरांना दिली जाणारीच औषधे आहेत. पण गुरांची गोळी शेकडो किलो वजनाचा हिशेब धरून बनवलेली असते. मेट्रोनिडाझोलचेच गणित पाहा. माशासाठी वापरला जाणारा डोस आहे दिवसाला किलोमागे ५० मिलिग्रॅम, पाच दिवस. म्हणजे १०० ग्रॅमच्या माशाला दिवसाला ५ मिलिग्रॅम. माणसाची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे त्याचे ८० दिवसांचे डोस! चिमूटभर मोजायचे, तर मिलिग्रॅम दाखवणारा काटा हवाच. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे आहे, त्यामुळे आधी पशुवैद्यकाशी बोलणे बरे.

द्यायचे कसे?

शक्यतो खाण्यातून. बारीक केलेल्या कोळंबीत मोजलेले औषध मिसळायचे, साध्या जिलेटिनने बांधायचे, गोठवून छोटे तुकडे करायचे. जिलेटिनमुळे औषध पाण्यात लगेच विरघळून जात नाही.

मासा खातच नसेल तर औषध पाण्यात घालावे लागते. खाऱ्या पाण्यातला मासा ते पितो, हे इथे कामी येते. समुद्राचे पाणी त्याच्या रक्तापेक्षा खारट असल्याने शरीरातले पाणी सतत बाहेर ओढले जाते आणि ते भरून काढायला मासा पाणी गिळत राहतो. गोड्या पाण्यातला मासा जवळजवळ पीत नाही. तरीही पाण्यातून पोटात नेमके किती औषध गेले हे सांगता येत नाही, म्हणून हा मार्ग दुसऱ्या क्रमांकाचा.

उपचार मुख्य टाकीत नकोत. प्राझिक्वांटेलने नळीकृमी मरतात, फेनबेंडाझोल काही मऊ प्रवाळांना बाधते. वेगळी साधी टाकी घ्या. वाळू-दगड नकोत, स्पंज फिल्टर आणि हवेचा दगड पुरे. कार्बन काढून ठेवा, नाहीतर तो औषध शोषून घेईल. विष्ठा रोज नळीने ओढून टाका. गोलकृमींसाठी दोन-तीन आठवड्यांनी औषध पुन्हा द्यावे लागते, कारण अंडी पहिल्या डोसात वाचू शकतात.

उपचार पूर्ण करूनही मासा वाळतच राहिला तर मायकोबॅक्टेरियाचा, म्हणजे माशांच्या क्षयाचा, संशय घ्या. तो हाताच्या जखमेतून माणसाच्या त्वचेला होऊ शकतो. अशा टाकीत हातमोजे न घालता हात घालू नका.

औषधाचे पाणी शेततळ्यात किंवा नाल्यात सोडू नका. खाण्याच्या माशांच्या संवर्धनात मेट्रोनिडाझोलला भारतात बंदी आहे.

नवा मासा आणताना

किमान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा आणि दर आठवड्याला समोरून फोटो काढा. वाळणे रोज पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही, फोटोंत येते. दुकानात मासा डोळ्यांसमोर खातो का आणि विष्ठा कशी आहे, हे पाहूनच पैसे द्या. समुद्री घोडा कोणी देऊ केला तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे.

सल्ल्यासाठी मुंबईतली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय, उदगीर आणि नागपूरची मत्स्यविज्ञान महाविद्यालये आहेत. फोन करण्याआधी टाकीचे लिटर, पाण्याची क्षारता, तापमान, अमोनियाची पातळी आणि माशाचे अंदाजे वजन लिहून ठेवा. पहिले प्रश्न तेच असतील.